पेडलकार शर्यत : प्रवेशाच्या अटी आणि सुरक्षेचे नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या वसाहतीतील पेडलकार शर्यत दर वर्षी संक्रांतीनंतरच्या एका रविवारी सकाळी होते आणि डिसेंबर लागला की समितीच्या फोनवर तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. गाडी बांधायला घेण्यापूर्वी ती वाचावीत अशी विनंती आहे, कारण बांधून झालेली गाडी तपासणीच्या दिवशी परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटते.

पेडलकार म्हणजे नेमके काय, आणि कोणती गाडी चालेल?

तीन किंवा चार चाकांची, एका चालकाने बसून चालवायची आणि केवळ त्याच्या पायांच्या जोरावर पळणारी गाडी म्हणजे पेडलकार. लांबी २.५ मीटरपेक्षा आणि रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नसावी. दोन चाकांवर चालणारी कोणतीही सायकल, मग ती आडवी पडून चालवायची असली तरी, या शर्यतीत घेता येत नाही. वजनाला मर्यादा ठेवलेली नाही. जड लोखंडी पाइप वापरणाऱ्या संघाला तिसऱ्या फेरीच्या चढावर ती मर्यादा आपोआप कळते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, कारण पुढचे बहुतेक नियम तिच्यातूनच आले आहेत. सायकल वळणावर आत झुकते, म्हणून तिच्या चाकांवर आडवा जोर फारसा येत नाही. मोटार झुकत नाही, पण तिची चाके आणि आस तो जोर सोसण्यासाठीच बनवलेली असतात. पेडलकार मोटारीसारखी न झुकता वळते आणि तिला चाके मात्र सायकलचीच लावलेली असतात.

मुलांच्या खेळासाठी एवढे नियम कशाला?

हा प्रश्न बहुधा पालकांकडूनच येतो. सपाट डांबरी रस्त्यावर बऱ्यापैकी बांधलेली पेडलकार ताशी ३० किलोमीटरचा वेग सहज गाठते. त्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडण्यासारखे आहे. वेग ताशी २० किलोमीटर असेल तर हीच उंची दीड मीटरच्या आसपास येते, कारण आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच आमच्या मार्गावरील उताराच्या शेवटी वेग तोडणारे नागमोडी वळण मुद्दाम ठेवले आहे, आणि ते काढून टाकावे ही दर वर्षी येणारी सूचना आम्ही दर वर्षी नाकारतो.

परदेशातही यापेक्षा वेगळे चित्र नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८५ पासून आणि व्हिक्टोरिया राज्यातील मेरीबरो गावी १९९१ पासून शाळांचे संघ स्वतः बांधलेल्या, पायांनी चालवायच्या गाड्या तासन्‌तास पळवत आले आहेत. तिथे या खेळाला जत्रेचे रूप आले आहे, तरी गाडी उलटल्यावर चालकाचे रक्षण करणाऱ्या सांगाड्याशिवाय तिला मार्गावर सोडत नाहीत.

संघात किती जण असावेत आणि वयाची अट काय आहे?

एका संघात किमान चार आणि कमाल सहा चालक असावेत. शर्यत दोन तासांची असते आणि एका चालकाला सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी चालवता येत नाही. तीन गट आहेत : १० ते १३ वर्षे, १४ ते १७ वर्षे आणि १८ वर्षांवरील खुला गट. वय शर्यतीच्या दिवशी पूर्ण झालेले धरले जाते. मिश्र वयाच्या संघाला त्यातील सर्वांत मोठ्या चालकाच्या गटात धावावे लागते. दहा वर्षांखालील मुलांसाठी मुख्य शर्यतीपूर्वी मैदानावर वेगळी फेरी असते. तिच्यात वेळ मोजली जात नाही आणि सर्वांना पदक मिळते.

वयापेक्षाही उंची महत्त्वाची ठरते. एकाच गाडीत सहा जण आळीपाळीने बसणार असल्याने आसन किंवा पेडल पुढेमागे करता आले पाहिजे. पाय पेडलपर्यंत नीट पोहोचत नाहीत म्हणून पाठीमागे उशी कोंबून बसवलेला चालक आम्ही उतरवतो, कारण ब्रेक दाबताना ती उशी निसटते आणि मूल आसनात खाली घसरते.

अठरा वर्षांखालील स्पर्धकांसाठी कोणती कागदपत्रे लागतात?

पालकांची सही असलेले संमतिपत्र, वयाचा पुरावा आणि आरोग्याची माहिती देणारा एक पानी अर्ज. संमतिपत्रावर आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांचीच सही लागते. शिक्षक, प्रशिक्षक किंवा मोठा भाऊ यांची चालत नाही. दमा, फिट येणे, हृदयाचा विकार किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांची माहिती दडवू नये. त्यामुळे प्रवेश आपोआप नाकारला जात नाही. दम्याच्या मुलाचा पंप पिटमध्ये, म्हणजे चालक बदलण्याच्या जागी, कोणाच्या खिशात आहे, एवढे प्रथमोपचार पथकाला माहीत असले की पुष्कळ काम होते. ही माहिती फक्त त्या पथकाकडे राहते आणि शर्यतीनंतर कागद नष्ट केले जातात.

आमच्या महाविद्यालयाची ‘एफिसायकल’ आहे. ती आणता येईल का?

जशीच्या तशी नाही. एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या एफिसायकल स्पर्धेतील गाडी तीन चाकांची असते, पण ती दोन जणांनी चालवायची असते आणि तिला पेडलच्या जोडीला विजेची मोटारही असते. आमच्याकडे मोटार, बॅटरीवरील मदत, ताणून ठेवलेली स्प्रिंग, गरगरणारे जड चाक अशी साठवलेली ऊर्जा वापरता येत नाही. मोटार आणि बॅटरी पूर्णपणे उतरवून आणि दुसरे आसन काढून ती गाडी आणल्यास खुल्या गटात विचार होईल. मोटार जागेवर ठेवून नुसती वायर काढली, हे पुरेसे नाही. दिवे आणि भोंगा यांसाठी लहान बॅटरी चालते.

चाकांबद्दल तुम्ही इतके काटेकोर का आहात?

कारण आमच्याकडे आजवर गाड्या सर्वांत जास्त वेळा चाकांमुळेच बंद पडल्या आहेत. सायकलचे पुढचे चाक चिमट्यात दोन्ही बाजूंनी धरलेले असते, म्हणून त्याची साधारण ९ मिलिमीटर जाडीची आस पुरते. पेडलकार बांधताना तेच चाक पुष्कळदा एकाच बाजूने, फळीला खिळा ठोकावा तसे, सांगाड्याला जोडले जाते. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. पहिल्या वेगवान वळणावर मात्र संपूर्ण भार त्या बोटाएवढ्याही जाड नसलेल्या आसेवर येतो आणि ती वाकते. पहिल्याच वर्षी समितीतील एकाच्या मुलांची गाडी अशीच बसली. चाक आडवे झाले, सांगाडा डांबरावर घासत गेला आणि ठिणग्या उडाल्या. चालकाला इजा झाली नाही, पण घासून निघालेला तो पाइप आम्ही अजून तपासणीच्या टेबलावर ठेवतो.

म्हणून नियम असा आहे : एका बाजूने धरलेल्या चाकाची आस किमान १४ मिलिमीटर जाडीची असावी, किंवा चाक दोन्ही बाजूंनी धरलेले असावे. चाकाचा व्यास २० इंचांपेक्षा जास्त नसावा. चाक जितके मोठे, तितका आडव्या जोराला त्याचा लाग जास्त आणि तारा तुटण्याची शक्यताही जास्त. एकही तार सैल किंवा तुटलेली नसावी. चाकात आऊट असेल तर तपासणीपूर्वी सायकलच्या दुकानात जाऊन तो काढून घ्यावा. बोटाने चाक फिरवून रिम किती डोलते हे आम्ही पाहतो आणि ३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोलणारे चाक चालत नाही. खेळण्यांची प्लास्टिकची चाके आणि हातगाडीची भरीव चाके यांना परवानगी नाही.

ब्रेकची अट काय आहे?

एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत आणि त्यांतील एक तरी दोन चाकांवर सारखा लागणारा हवा. मागच्या एकाच चाकावर ब्रेक असेल तर जोरात दाबल्यावर गाडी त्या बाजूला ओढली जाते, म्हणून तो एकटा पुरेसा मानला जात नाही. पाय जमिनीवर घासून थांबणे हा ब्रेक नव्हे, हे लिहावे लागेल असे वाटले नव्हते, पण लागते.

चाचणी दोन भागांत होते. ताशी २० किलोमीटर वेगाने येऊन आखलेल्या रेषेनंतर ६ मीटरच्या आत, मार्ग न सोडता थांबायचे. आणि नंतर उतारावर तोंड करून अर्धा मिनिट केवळ ब्रेकवर उभे राहायचे. संघातील सर्वांत हलक्या हाताच्या चालकाने ही चाचणी द्यायची असते. मोठ्या दादाने दाबला की लागणारा ब्रेक धाकट्या बहिणीच्या हातात लागतोच असे नाही, आणि शर्यतीत तिलाही उताराचे वळण घ्यायचे असते. झिजलेले रबर, गंजलेली केबल आणि टोकाला उसवलेल्या केबलच्या तारा या तीन कारणांनी सर्वाधिक गाड्या परत जातात. या तिन्हींचा खर्च एका वडापावच्या पार्टीपेक्षा कमी आहे.

रोलबार आणि पट्टा दोन्ही सक्तीचे आहेत का?

होय, आणि दोन्ही एकत्रच. रोलबार म्हणजे चालकाच्या डोक्यामागून वर जाणारी पाइपची कमान. चालक हेल्मेट घालून बसला असता ती त्याच्या डोक्यापेक्षा किमान ५ सेंटिमीटर उंच असावी आणि सांगाड्याला वेल्ड केलेली असावी; दोरीने, क्लॅम्पने किंवा नुसत्या नटबोल्टने बांधलेली नसावी. पट्टा कमरेवरून घट्ट बसणारा आणि एका हाताने सुटणारा असावा. पट्टा आहे पण कमान नाही अशी गाडी उलटली तर चालक तिच्याखाली बांधलेलाच राहतो; कमान आहे पण पट्टा नाही तर तो तिच्यातून बाहेर फेकला जातो.

गाडी खरोखर उलटते का, अशी शंका येते म्हणून एक हिशेब देतो. दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये ८० सेंटिमीटर अंतर असलेली चारचाकी घ्या, चालकासह तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर धरा आणि ६ मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी २० किलोमीटरला ती निवांत वळते. ताशी २५ किलोमीटरला, टायरने पकड सोडली नाही तर, आतली चाके उचलली जातात. मधला फरक फक्त पाच किलोमीटरचा आहे, आणि तो चालकाला डोळ्यांनी कळत नाही. तीन चाकांच्या गाडीत ही मर्यादा आणखी खाली येते. आसन खाली घेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पट्टा बांधलेल्या अवस्थेतून, कोणाच्याही मदतीशिवाय, दहा सेकंदांत गाडीबाहेर येणे ही प्रत्येक चालकाची स्वतंत्र परीक्षा असते. ती मुलांना फार आवडते.

सांगाड्याबद्दल आणखी काय पाहिले जाते?

पाइपची उघडी टोके रबरी टोपणाने बंद केलेली असावीत. चेन आणि दातेरी चक्रांवर आवरण असावे, आणि ते चालकाच्या बाजूनेच नव्हे तर गाडी ढकलणाऱ्याच्या बाजूनेही असावे, कारण बोटे बहुतेक वेळा त्याचीच अडकतात. फ्रीव्हील असावेच, ते नसेल तर उतारावर पेडल स्वतः फिरत राहतात आणि घोट्यावर आदळतात. चालकाच्या पायांखाली पत्रा किंवा प्लायची फळी सक्तीची आहे. पाय पेडलवरून निसटून रस्त्याला टेकला, तर पुढे जाणारी गाडी त्याला आपल्याखाली ओढून घेते. बाहेरून हा धोका दिसतच नाही, म्हणून तो वेगळा सांगावा लागतो.

कोणते हेल्मेट चालेल?

सायकलसाठीचे, ईएन १०७८ (युरोपीय) किंवा सीपीएससी (अमेरिकी) मानकाची खूण असलेले हेल्मेट सर्वांत योग्य. स्कूटर-मोटारसायकलचे आयएसआय खुणेचे हेल्मेट १८ वर्षांवरील चालकांना चालते, पण पेडल मारताना त्यात फार उकडते. लहान मुलांच्या मानेवर त्याचे ओझे येते म्हणून त्यांना ते चालत नाही. बांधकामावरचे पिवळे टोप आणि क्रिकेटचे हेल्मेट वेगळ्या आघातासाठी बनवलेले असल्याने ते नाकारले जातात. आतील फोमला तडा गेलेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत असले तरी निरुपयोगी असते, कारण तो फोम एकदाच चेपून एकच आघात झेलण्यासाठी असतो.

कपड्यांचे काय?

पुढून बंद बूट, बोटे झाकणारे हातमोजे आणि कोपर झाकणारा सदरा. बुटांच्या नाड्या आत खोचलेल्या असाव्यात. ओढणी, मफलर, गळ्यातील साखळी, सैल पायजमा आणि मोकळा शेपटा यांसह गाडीत बसता येणार नाही. फिरत्या चाकात ओढणी अडकल्याचे अपघात दुचाकीवर नेहमीच होतात, आणि इथे चाके त्याहूनही जवळ, अगदी कोपराशी असतात.

गाडीच्या पुढे उभी तार लावण्याची अट कशासाठी?

मांजासाठी. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांत झाल्यावर झाडांतून आणि विजेच्या खांबांवरून तुटके धागे लोंबतच असतात. पेडलकारचा चालक मागे रेलून बसतो, म्हणजे त्याचा गळा पुढे उघडा राहतो. म्हणून चालकाच्या चेहऱ्यापुढे, हेल्मेटच्या उंचीपर्यंत, पातळ पाइपची कमान किंवा ताठ तार लावणे सक्तीचे आहे. शर्यतीच्या दिवशी पहाटे स्वयंसेवक बांबूला आकडा बांधून संपूर्ण मार्ग पायी फिरतात. गेल्या वेळी त्यांनी काढलेल्या मांजाने सिमेंटची एक रिकामी गोणी भरली होती.

वळणांवर वाळूच्या गोण्या का नाहीत?

भरलेली वाळूची गोणी, विशेषतः ओली, भिंतीइतकीच कठीण असते. तिला धडकल्यावर गोणी हलत नाही, चालक हलतो. आम्ही भाताच्या तुसाने सैलसर भरलेली बारदाने आणि त्यांच्यामागे एकमेकांना बांधलेले जुने टायर वापरतो. त्यांच्यामागे दोन मीटर जागा रिकामी असते आणि प्रेक्षक तिच्या पलीकडे उभे राहतात. फोटो काढण्यासाठी बारदानांवर बसणाऱ्यांना उठवले जाईल. त्यात नगरसेवक असले तरी उठवले जाईल.

झेंड्यांचे अर्थ कोणते?

हिरवा म्हणजे सुरुवात. पिवळा म्हणजे पुढे अडथळा आहे, वेग कमी करा आणि कोणालाही मागे टाकू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, आपल्या रेषेत राहा. लाल म्हणजे शर्यत थांबली आहे, हळू थांबा आणि गाडीतच बसा. काळा झेंडा आपल्या क्रमांकासह दिसला तर त्याच फेरीत पिटमध्ये या. चौकटींचा म्हणजे समाप्ती.

पिटमध्ये सर्वाधिक काळजी घ्या असे का म्हणता?

कारण आमच्या प्रथमोपचार वहीतील नोंदी मार्गापेक्षा पिटच्या जास्त आहेत. वीस मिनिटे पेडल मारून उतरलेल्या मुलाचे पाय लटपटत असतात, पुढचा चालक घाईत असतो, पाण्याची बाटली कोणाच्या तरी पायाखाली येते आणि मागून दुसरी गाडी आत शिरत असते. पिटमध्ये गाडी चालण्याच्या वेगानेच आणावी. गाडी पूर्ण थांबून ब्रेक दाबून धरल्याशिवाय पट्टा सोडू नये, आणि नव्या चालकाचा पट्टा संघातील प्रौढाने हाताने ओढून पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये. प्रत्येक बदलाला किमान ६० सेकंद थांबणे सक्तीचे आहे, त्यामुळे घाई करून कोणाचाही फायदा होत नाही. हा नियम आल्यापासून खरचटलेले गुडघे निम्म्यावर आले, असा आमचा अंदाज आहे.

गाडीचा क्रमांक कोणत्या अंकांत लिहावा?

देवनागरी किंवा इंग्रजी, दोन्ही चालतात; उंची २० सेंटिमीटर, पांढऱ्यावर काळे, पुढे आणि दोन्ही बाजूंना. मात्र देवनागरीतील १ आणि ९ धावत्या गाडीवर लांबून सारखेच दिसतात आणि फेऱ्या मोजणाऱ्यांची भांडणे होतात, म्हणून हे दोन अंक असलेले क्रमांक आम्ही कोणालाही देत नाही.

परवानग्या, रुग्णवाहिका आणि विमा यांची व्यवस्था कोण करते?

समिती करते. पेडलकार हे मोटार वाहन नसले तरी रस्ता बंद करण्यासाठी वाहतूक पोलिसांची आणि महापालिकेची लेखी परवानगी घेतली जाते. रुग्णवाहिका सुरुवातीच्या रेषेजवळ उभी असते आणि ती जागेवर नसेल तर शर्यत थांबवली जाते. १०८ वर फोन करून वाट पाहण्याची पाळी येऊ नये हा हेतू आहे. सर्व चालकांचा त्या दिवसापुरता अपघात विमा प्रवेश शुल्कात धरलेला आहे. गाडीच्या नुकसानीचा विमा नाही.

प्रवेश शुल्क किती आणि ते परत मिळते का?

प्रत्येक संघामागे १,२०० रुपये. मुदत १५ डिसेंबरला संपते. त्या तारखेपर्यंत माघार घेतल्यास पूर्ण रक्कम परत मिळते, नंतर नाही. तपासणीत गाडी नाकारली गेल्यास शुल्क परत मिळत नाही, परंतु तपासणी शनिवारी सकाळी आठला सुरू होते आणि सायंकाळी सहापर्यंत गाडी दुरुस्त करून कितीही वेळा आणता येते. वेल्डिंगचे यंत्र आणि एक अनुभवी वेल्डर दिवसभर मैदानावर असतात. रविवारी सकाळी मात्र कोणाचीही तपासणी होत नाही, आणि शनिवारी लावलेले स्टिकर निघाले असेल तर गाडी मार्गावर जात नाही.

निर्णय मान्य नसेल तर?

संघप्रमुखाने शर्यत संपल्यापासून अर्ध्या तासात लेखी तक्रार द्यावी. वेळ आणि फेऱ्यांबाबतची तक्रार ऐकली जाते व निकाल बदलूही शकतो. सुरक्षेच्या कारणाने गाडी थांबवण्याचा तपासनिसांचा निर्णय मात्र अंतिम असतो आणि त्यावर त्या दिवशी चर्चा होत नाही.

लहान भावंडांना पिटमध्ये आणता येईल का?

नाही. दहा वर्षांखालील कोणीही पिटच्या दोरीआत येऊ शकत नाही, पालकांच्या कडेवर असले तरीही. दोरीबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, त्यांच्यासाठी सतरंजी घातलेली असते आणि तिथून सुरुवातीची रेषा पिटपेक्षा चांगली दिसते.